दारातली गाडी तळहातावर

मृगाचा पाऊस सुरू व्हायच्या आत मी दरवर्षी एक काम उरकतो. कपाटाच्या मधल्या खणातून फिकट निळ्या रंगाची सिम्का आरोंद काढतो, टेबलाच्या काचेवर ठेवतो आणि तिचं पुढचं डावं चाक काचेपासून किती उचललं गेलंय ते बघतो. मोजायला घेतो जुनी पोस्टकार्डं, पंधरा पैशांची. चाकाखाली एक सरकवायचं, त्यावर दुसरं, मग तिसरं. गेल्या वर्षी तीन कार्डं अलगद गेली आणि चौथं अडलं. ही गाडी साडेनऊ सेंटीमीटर लांब आहे, प्लॅस्टिकची आहे आणि १९५०च्या दशकात फ्रान्समध्ये, लियाँ शहराला खेटून असलेल्या विलर्बान गावात बनलेली आहे. माझ्याकडे आल्यापासून ती कधी पडलेली नाही, उन्हात राहिलेली नाही. तरी ती वर्षागणिक वाकते आहे.

खरी आरोंद सिम्का कंपनीने १९५१ साली बाजारात आणली. ‘आरोंद’ हा पाकोळीसाठी जुन्या फ्रेंचमधला शब्द, आणि सिम्काचं बोधचिन्हही पाकोळीच. नोकरदार, शाळामास्तर, छोटे दुकानदार अशी माणसं ती घेत. १९६४ पर्यंत अशा बारा लाखांहून अधिक गाड्या बनल्या. माझ्या कपाटात सगळ्या गाड्या याच जातीच्या आहेत. सित्रोएनची ‘द श्व्हो’, रेनोची ‘फोर’, प्यूजोची ४०३ आणि ४०४, पानारची ‘दिना’. घरातली पाच माणसं, एक कुत्रं आणि सुट्टीचं सगळं बाडबिस्तर घेऊन निघणाऱ्या गाड्या. शर्यतीच्या आणि बड्या लोकांच्या गाड्यांची मॉडेलं मी कधी घेतली नाहीत. त्यांची काळजी घेणारे पुष्कळ आहेत. फ्रान्सच्या मुलूझ शहरात श्लुम्फ बंधू नावाच्या गिरणीमालकांनी जमवलेला संग्रह आज राष्ट्रीय संग्रहालय आहे. त्यात एकट्या बुगाटी शंभरावर आहेत. बुगाटी कुणी भंगारात टाकत नाही.

साध्या गाडीचं तसं होत नाही. ती वापरून वापरून संपते. फ्रेंच हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते खालून पत्रा खातं. गाडी आधी मुलाकडे जाते, मग शेजारच्या कुणाकडे, मग कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी उभी राहते आणि एक दिवस भंगारवाला येतो. १९९२ साली फ्रान्समध्ये जुन्या गाड्यांची ठरावीक काळाने तांत्रिक तपासणी सक्तीची झाली. पुढे १९९४ मध्ये एदुआर बालादुर पंतप्रधान असताना सरकारने योजना काढली, की दहा वर्षांहून जुनी गाडी मोडीत काढा, नवी घ्या आणि पाच हजार फ्रँक मिळवा. मंदीत सापडलेल्या कारखान्यांना हात द्यायला ही योजना होती आणि त्या कामी ती उपयोगी पडलीही. पण ज्या गाड्यांवर एक अख्खी पिढी लहानाची मोठी झाली होती, त्या काही महिन्यांत रांगेने चिरडल्या गेल्या. ज्या गाडीच्या वीस-वीस लाख प्रती निघाल्या, तिचीच आज एक धड प्रत शोधावी लागते. सिम्का ११०० ची गोष्ट नेमकी हीच आहे.

म्हणून या छोट्या गाड्यांकडे मी खेळणी म्हणून कमी आणि कागदपत्रं म्हणून जास्त बघतो. सुदैवाने फ्रेंच खेळणी-कारखानदारांनी नेमक्या याच गाड्या भरभरून केल्या, आणि त्यामागे सरळ कारण होतं. मुलाला दुकानात काय हवं असतं? घरासमोर उभी असते ती गाडी. ती नसेल, तर शेजाऱ्यांच्या दारातली. हे सगळ्यात आधी ओळखलं ते आंद्रे सित्रोएन यांनी. १९२३ पासून त्यांच्या कंपनीने स्वतःच्या गाड्यांच्या पत्र्याच्या लहान प्रती खेळणी म्हणून विकायला सुरुवात केली. आज खेळणारं पोर उद्याचं गिऱ्हाईक आहे, हा त्यातला विचार उघड होता.

माझ्या आरोंदवर याचा एक पुरावा आहे. मागच्या बंपरच्या वर, नंबरप्लेटच्या जागी, कुणीतरी शाईने अतिशय बारीक अक्षरांत नंबर लिहिला आहे. पुढचे आकडे पुसट झालेत, शेवटचे दोन मात्र वाचता येतात: ६९. फ्रान्समध्ये १९५० पासून गाडीच्या नंबरात शेवटी जिल्ह्याचा क्रमांक यायचा. पॅरिसचा ७५, आणि लियाँ ज्या ऱ्होन जिल्ह्यात येतं त्याचा ६९. म्हणजे ही गाडी बनली त्याच भागातल्या एका पोराने आपल्या घरच्या गाडीचा नंबर तिच्यावर घातला असणार. संग्राहकांच्या भाषेत हा डाग आहे, त्याने किंमत उतरते. मला हा डाग गाडीइतकाच मोलाचा वाटतो.

आता आकाराबद्दल. या गाड्या बहुतेक १:४३ या प्रमाणात असतात, म्हणजे खऱ्या गाडीची लांबी भागिले त्रेचाळीस. हा विचित्र आकडा आला रेल्वेतून. लिव्हरपूलचे फ्रँक हॉर्नबी, ज्यांचं मेकॅनो आपल्याकडेही अनेक घरांत पोचलं होतं, खेळण्यातल्या आगगाड्याही बनवत. इंग्लंडमध्ये ‘ओ’ गेजच्या आगगाडीसाठी एका फुटाला सात मिलिमीटर असं माप रूढ होतं. फुटात ३०४.८ मिलिमीटर असतात. सातने भागलं की साडेत्रेचाळीस येतात. स्टेशनाबाहेर उभ्या करायला म्हणून १९३३ च्या अखेरीला हॉर्नबींनी धातूच्या लहान मोटारी काढल्या आणि १९३४ मध्ये त्यांना ‘डिंकी टॉईज’ हे नाव मिळालं. आगगाडी मागे पडली, मोटारी पुढे गेल्या आणि माप तेच राहिलं. मेकॅनोचा एक कारखाना पॅरिसजवळ बोबिन्यीला होता. तिथल्या डिंकी गाड्या इंग्लंडच्या डिंकींपेक्षा वेगळ्या, पूर्णपणे फ्रेंच रस्त्यावरच्या. युद्धानंतर १९४९ मध्ये सित्रोएन ‘ट्रॅक्शन’, १९५१ मध्ये प्यूजो २०३, १९५२ मध्ये ‘द श्व्हो’, १९५६ मध्ये प्यूजो ४०३ आणि सित्रोएन डीएस. रस्त्यावर जे यायचं, ते थोड्याच काळात दुकानाच्या काचेआड यायचं.

यातल्या ‘द श्व्हो’वर जरा थांबतो. नावाचा अर्थ ‘दोन घोडे’. फ्रान्समध्ये मोटारीवर कर बसवायला जो अश्वशक्तीचा हिशेब लावत, त्यात ही गाडी दोन घोड्यांत बसायची. सित्रोएनचे प्रमुख पियेर-ज्यूल बुलांजे यांनी १९३०च्या दशकात अभियंत्यांना काम सांगितलं ते असं, की लाकडी खडावा घातलेले दोन शेतकरी आणि पन्नास किलो बटाटे ताशी साठ किलोमीटरने गेले पाहिजेत, शंभर किलोमीटरला तीन लिटर पेट्रोल पुरलं पाहिजे, आणि नांगरलेल्या शेतातून गाडी नेली तर टोपलीतलं अंडं फुटता कामा नये. आंद्रे लफेव्र या अभियंत्याने आणि फ्लामिन्यो बेर्तोनी या इटालियन शिल्पकाराने ती घडवली. १९३९ मध्ये पहिल्या गाड्या तयार होत होत्या तोच युद्ध पेटलं. जर्मनांच्या हाती लागू नये म्हणून बहुतेक मोडून टाकल्या, थोड्या दडवल्या. त्यातल्या तीन १९९४ साली ला फेर्ते-व्हिदाम इथल्या एका कोठाराच्या माळ्यावर सापडल्या. खरी गाडी लोकांसमोर आली १९४८ च्या पॅरिस प्रदर्शनात. इंजिन ३७५ सीसीचं, ताकद नऊ अश्वशक्ती, छप्पर गुंडाळता येणाऱ्या कॅनव्हासचं. पहिली काही वर्षं नंबर लावून वाट बघावी लागे. आपल्याकडे एके काळी स्कूटरसाठी वर्षानुवर्षं वाट बघितलेली घरं आहेत, त्यांना ती ओढ वेगळी सांगायला नको. खेळण्यातली ‘द श्व्हो’ १९५२ मध्ये दुकानात आली तेव्हा फ्रान्समध्ये कित्येक घरांत मुलाची गाडी आधी आली असेल आणि बापाची नंतर.

माझ्याकडे ही डिंकी आहे, क्रमांक २४-टी. पुढे १९५९ मध्ये सगळे क्रमांक बदलले तेव्हा ती ५३५ झाली. रंग राखाडी, कारण खरी गाडीही सुरुवातीची कित्येक वर्षं राखाडीच मिळायची. हातात घेतली की आधी जाणवतं ते वजन. ओतीव धातूला एक गारवा असतो, दोन मिनिटं तळहातावर धरली की तो जातो. बॉनेटवर उभ्या पन्हळी आहेत. खऱ्या गाडीत पातळ पत्र्याला बळ यावं म्हणून तो वळवलेला होता. इथे त्याच रेघा साच्यात कोरल्या आहेत आणि सत्तर वर्षांनीही नखाला मोजता येतात. छपरावर कॅनव्हासच्या घड्या आहेत. खिडक्यांना काच नाही, आत सीट नाही, नुसती पोकळी. मागे लाल रंगाचा एकच ठिपका आहे. सुरुवातीच्या द श्व्होला मागे एकच दिवा असे. पुढे दिवे वाढले तसे डिंकीवरचे ठिपकेही वाढले, आणि एक ठिपका की तीन यावर आज तिचं वय आणि भाव दोन्ही ठरतात. कारखान्यात ब्रश घेऊन बसलेल्या कुणाच्या तरी हाताने तो ठिपका दिला होता. माझ्या गाडीवर तो केसभर डावीकडे सरकलाय.

ही गाडी बनली ते मिश्रण झमाक नावाचं. जस्त, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबं यांच्या जर्मन नावांच्या आद्याक्षरांवरून ते नाव पडलं. त्यात जस्तच बहुतांश, ॲल्युमिनियम साधारण चार टक्के. चारशे अंशांच्या अलीकडेच ते वितळतं, त्यामुळे पोलादी साच्यात दाबाने भरता येतं आणि साचा हजारो वेळा वापरता येतो. साच्यातून निघालेल्या सांगाड्याला आतून खुंट्या असतात. त्या तळाच्या पत्र्यातल्या भोकांतून बाहेर काढून त्यांची डोकी ठोकून पसरवतात. गाडी उलटी करून आधी ती डोकी बघायची. भोक पाडल्याची खूण असेल, जागी स्क्रू असेल किंवा डिंकाचा थर दिसत असेल, तर गाडी कधीतरी उघडलेली आहे, आणि बहुधा रंग नवा आहे.

झमाकचं एक दुखणं आहे. मिश्रणात शिसं, कथील किंवा कॅडमियम अगदी किंचितही मिसळलं, तर वर्षानुवर्षं आतल्या आत गंज चालतो. धातू फुगतो, त्यावर बारीक तडे जातात आणि शेवटी बिस्किटासारखा चुरा होतो. युद्धापूर्वीच्या अनेक डिंकी अशा गेल्या. कारखान्यात एखाद्या दिवशी जस्ताच्या भट्टीत शिशाचा तुकडा पडला असेल, तर त्या दिवसाच्या गाड्यांचं भवितव्य तेव्हाच ठरलं. यावर उपाय नाही. दमट आणि उष्ण हवेत ते लवकर होतं, कोरड्या गारव्यात उशिरा, एवढाच फरक.

आणि आरोंदचं दुखणं तिसरंच आहे. ती नोरेव्ह कंपनीची. विलर्बानच्या व्हेराँ बंधूंनी १९४६ मध्ये हा कारखाना काढला आणि स्वतःच्या आडनावाची रोमन अक्षरं उलटी लिहून नाव ठेवलं. १९५३ मध्ये त्यांनी मोटारींची मालिका सुरू केली, ती सिम्का आरोंदनेच. धातू महाग होता, म्हणून त्यांनी ऱ्होडियालाइट नावाचं प्लॅस्टिक घेतलं. रंग प्लॅस्टिकमध्येच मिसळलेला, त्यामुळे पोपडे उडायचा प्रश्न नाही. गाडी डिंकीपेक्षा स्वस्त आणि हलकी, आणि रंग इतके ताजे की आजही बघत राहावं. पण ऱ्होडियालाइट म्हणजे सेल्युलोज ॲसिटेट, लाकडाच्या किंवा कापसाच्या तंतूंपासून केलेलं. त्यात मऊपणासाठी घातलेला द्रव हळूहळू बाहेर निघतो, हवेतला ओलावा आत शिरतो, वस्तू आकसते. तळ वेगळ्या पदार्थाचा, तो आकसत नाही. मग वरचा सांगाडा धनुष्यासारखा ताणला जातो आणि एक चाक जमीन सोडतं. पुढच्या टप्प्यात व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागतो. जुन्या चित्रपटांची रिळं याच पदार्थाची असत. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या ठिकाणी ती थंड, कोरड्या कोठ्यांत का ठेवावी लागतात, त्याचं कारण हेच. तो आंबूस वाफारा जस्तालाही खातो. म्हणून नोरेव्हच्या जुन्या गाड्या आणि डिंकी एका खणात ठेवायच्या नाहीत, आणि नोरेव्हला घट्ट डबीत कोंडायचं नाही. मुंबईच्या दमट हवेत हे सगळं पाळायलाच हवं. मी खणाच्या कोपऱ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो, दरवाजा बोटभर उघडा ठेवतो आणि महिन्यातून एकदा वास घेतो.

व्हेराँ घराण्यातल्याच एमील व्हेराँ यांनी पुढे वेगळी चूल मांडून मॅजोरेट काढली. त्या गाड्या लहान, खिशात मावणाऱ्या. आपल्याकडेही दुकानांतून मिळत. फेर्दिनाँ द व्हाझेय यांची सोलिडो १९३२ पासूनची. तिच्या १९५७ च्या मालिकेतल्या गाड्यांना चाकांवर स्प्रिंग होत्या आणि बोटाने दाबलं की त्या खरोखर खाली बसत. सोलिडोचं मन मात्र शर्यतीच्या गाड्यांत जास्त रमायचं, म्हणून माझ्याकडे तिच्या थोड्याच आहेत.

मॉडेल चांगलं की वाईट हे मी गाडी उलटी करून ठरवतो. वरून सगळ्याच देखण्या असतात. रेनो फोर घ्या. १९६१ मध्ये आलेली, ऐंशी लाखांहून अधिक बनलेली, फ्रान्समध्ये पोस्टमनपासून नर्सपर्यंत सगळ्यांनी चालवलेली. तिच्या मागच्या दोन चाकांना दोन आडव्या पोलादी दांड्यांचा पीळ आधार देतो. दांड्या गाडीच्या पूर्ण रुंदीच्या, त्यामुळे एकापुढे एक ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. परिणामी एका बाजूची दोन चाकं दुसऱ्या बाजूपेक्षा ४८ मिलिमीटरने जास्त लांब अंतरावर आहेत. खरी गाडी बघताना बहुतेकांच्या हे लक्षात येत नाही. १:४३ मध्ये तो फरक एक मिलिमीटरच्या किंचित वर येतो, आणि खेळण्यात एकच सरळ आस घातला की तो नाहीसा होतो. ज्या मॉडेलकाराने तो एक मिलिमीटर राखला, त्याला मी मानतो.

डीएसचंही तसंच. ऑक्टोबर १९५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात तिच्यावरचं कापड काढलं आणि पहिल्याच दिवशी बारा हजार गाड्यांची नोंदणी झाली. फ्रेंचमध्ये ‘डीएस’चा उच्चार ‘देएस’ म्हणजे देवी या शब्दासारखा होतो, आणि रोलाँ बार्त यांच्यासारख्या विचारवंताने १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’ या पुस्तकात तिच्यावर निबंध लिहिला. तेल आणि वायू यांच्या दाबावर तरंगणारी ही गाडी सुरू केली की बसलेल्या उंटासारखी उठायची. तिची पुढची दोन चाकं एकमेकांपासून दीड मीटरवर, मागची मात्र १ मीटर ३० सेंटीमीटरवर. वरून पाहिलं तर गाडी शेपटीकडे निमुळती होत जाते, पाण्याच्या थेंबासारखी. १:४३ मध्ये हा फरक जवळजवळ पाच मिलिमीटर होतो, चांगला डोळ्यांत भरणारा. पुढे आणि मागे एकाच मापाचा आस घालून केलेली डीएस लगेच चुकीची दिसते. का ते सांगता आलं नाही तरी नजरेला खुपतं. आणखी एक जागा बघायची ती छपराच्या मागच्या कोपऱ्यांची. तिथे वळणाचे दिवे लहान तुतारीसारख्या नळीत बसवलेले असतात. तांदळाच्या दाण्याएवढा तो भाग साच्यातून नीट निघाला असेल तर बाकीची गाडी बहुधा चांगलीच असते.

पण कुटुंब डोळ्यांसमोर उभं राहतं ते प्यूजो ४०४ पाहून. १९६० ची, इटलीच्या पिनिनफारिनाने रेखाटलेली, मागे छोटे पंख काढलेली. प्यूजोच्या आकड्यांत मध्ये शून्य असतंच, आणि तीन आकड्यांत मध्ये शून्य हा आपला हक्क असल्याचं प्यूजोने सांगितल्यावर पोर्शला आपल्या ९०१ चं नाव ९११ करावं लागलं. डिंकीने साठच्या दशकात या ४०४ च्या मागे एक एकचाकी ट्रेलर जोडून दिला. फ्रेंच कामगारांना भरपगारी सुट्टीचे दोन आठवडे १९३६ मध्ये मिळाले, तिसरा आठवडा १९५६ मध्ये आणि चौथा १९६९ मध्ये. ऑगस्ट लागला की पॅरिस रिकामं होई आणि सात नंबरच्या राष्ट्रीय रस्त्यावर समुद्राकडे जाणाऱ्यांची रांग लागे, पॅरिसपासून इटलीच्या सीमेवरच्या माँताँपर्यंत, हजार किलोमीटरला थोडं कमी. तेवढ्या सामानाला गाडीची डिकी पुरायची नाही, म्हणून तो एकचाकी ट्रेलर. देशाच्या कामगार कायद्यात एक आठवडा वाढला आणि खेळण्यातल्या गाडीला एक चाक वाढलं. हे मला त्या मॉडेलवर वाचता येतं, म्हणून मी ते कपाटात समोर ठेवलं आहे.

महाराष्ट्राचाही या घराण्याशी संबंध आहे आणि तो बऱ्याच जणांच्या पायाखालून गेलेला आहे. ऐंशीच्या दशकापासून महिंद्राच्या कित्येक जीपगाड्यांत प्यूजोच्या परवान्यावर इगतपुरीत बनलेलं डिझेल इंजिन होतं. २,११२ सीसीचं ते इंजिन प्यूजो ५०४ डिझेलच्या कुळातलं. नव्वदच्या दशकात तर प्रीमियर ऑटोमोबाईल्सने कल्याणच्या कारखान्यात प्यूजो ३०९ ही अख्खी गाडीच बनवली. ती रस्त्यावर पाहिलेली माणसं आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. भागीदारी १९९७ च्या सुमारास संपली आणि ३०९ दिसेनाशी झाली.

या ३०९ च्या नावात एक कोडं आहे. तेव्हा प्यूजोकडे १०४, २०५, ३०५ असे आकडे चालू होते. मधेच ३०९ कुठून आला? उत्तर सिम्काकडे जातं. सिम्काने १९५४ मध्ये फोर्डचा फ्रान्समधला, पॅरिसजवळच्या प्वासीचा कारखाना घेतला. पुढे सिम्कावर अमेरिकन क्रायस्लरचा ताबा आला, १९७८ मध्ये क्रायस्लरने युरोपातला सगळा धंदा प्यूजोला विकला आणि सिम्काच्या जागी टॅलबो हे नाव लागलं. तिथल्या अभियंत्यांनी आपल्या कंपनीसाठी म्हणून एक नवी गाडी तयार केली होती. ती बाजारात येईपर्यंत टॅलबो हे नावच बंद करायचं ठरलं आणि १९८५ मध्ये त्या गाडीवर प्यूजोचा सिंह बसला. ३०५ अजून विकली जात होती, म्हणून आकडा ३०९. तेव्हा कल्याणहून निघालेली ती गाडी खरं तर पाकोळीच्या घराण्यातली, माझ्या निळ्या आरोंदची नात.

गाड्या मिळवायच्या कुठून, असं लोक विचारतात. मुंबईच्या चोर बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात कधीकाळी एखादी खरी डिंकी सापडायची. त्यात इंग्लंडच्या जास्त, फ्रेंच क्वचित. डिंकीचे काही इंग्रजी साचे कोलकात्यालाही आले होते आणि त्यांतून ‘निकी टॉईज’ नावाने गाड्या निघाल्या, त्या मात्र आपल्याकडे अजून भेटतात. फ्रेंच गाड्यांसाठी परदेशातल्या विक्रेत्यांवरच अवलंबून राहावं लागतं, आणि तिथे डोळे उघडे ठेवावे लागतात. एकदा मी बोबिन्यीची म्हणून घेतलेली ४०३ घरी येऊन उघडली आणि मन खट्टू झालं. अॅटलास या प्रकाशनसंस्थेने जुन्या डिंकींच्या रीतसर परवाना घेतलेल्या नव्या प्रती काढल्या आहेत. त्या उत्तम आहेत आणि पहिल्यांदा जमवणाऱ्याने त्या जरूर घ्याव्यात. माझी ४०३ त्यांतली होती, विक्रेत्याने मात्र ती जुनी म्हणून, जुन्याच्या भावाने विकली होती. आसाच्या टोकांना एवढासाही गंज नव्हता, रंग कडेपर्यंत एकसारखा होता, आणि तळाच्या पत्र्यावर साठ-सत्तर वर्षांत बोटांनी येतो तो काळसरपणा नव्हता. या तीन खुणा मी तेव्हापासून आधी बघतो आणि पैशाचं बोलणं नंतर करतो.

आज १:१८ च्या मोठ्या गाड्याही मिळतात, दारं उघडतात, आतल्या सीटच्या शिवणी दिसतात. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या जोसलँची ‘ओटोमोबील’ ही कंपनी रेझिनमध्ये ऐंशीच्या दशकातल्या गाड्या फार सुंदर काढते. ज्यांना बारकावे हवेत त्यांनी त्या घ्याव्यात. एक काळजी मात्र घ्यावी: रबरी किंवा मऊ टायर प्लॅस्टिकच्या तळावर वर्षानुवर्षं टेकू देऊ नयेत, त्यातला तेलकट अंश उतरून तळ वितळतो. खाली कागद घालावा किंवा गाडी किंचित उचलून ठेवावी.

यंदा मृगाचा पाऊस लांबला. आरोंद काढली, काचेवर ठेवली, वास घेतला, आंबूस नाही. पोस्टकार्डं सरकवली. तीन गेली. चौथं पुढच्या टोकाला जरा घासलं आणि मग तेही गेलं. वहीत तारीख घातली, पुढे ‘४’ लिहिलं, मागच्या नंबरावरचा ६९ अजून वाचता येतोय का ते भिंगातून पाहिलं आणि तिला नव्या कागदावर ठेवून खणाचं दार बोटभर उघडं राहील असं लोटलं.